बोटीला पैसे मिळतात, फ्रीझरला नाही: थंड समुद्रात औषधं शोधायला निधी देणाऱ्या समित्यांना खुलं पत्र

समितीच्या सर्व सभासदांना,

स.न.वि.वि.

मी तुमच्यापुढे प्रेझेंटेशन द्यायला कधी आलेली नाही आणि येणारही नाही, कारण माझं काम मागच्या खोलीतलं. बर्फाळ समुद्रातून लोक जे काही गोळा करून आणतात, म्हणजे स्पंज, ट्युनिकेट, हायड्रॉइड, मऊ प्रवाळ असे एका जागी चिकटून राहणारे जीव, तळाचा चिखल, ते सगळं शेवटी माझ्या टेबलावर येतं. मी त्याला नंबर देते, तुकडे करते, उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये लावते आणि कुणी मागितलं की शोधून काढून देते. वर्षानुवर्षं हेच करतेय आणि मला ते आवडतं, त्यामुळे कृपया हे रडगाणं समजू नका.

दर वर्षी मंजूर प्रोजेक्टची यादी निघाली की मी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. त्यात बोटीचं भाडं असतं, डायव्हरचे ड्राय सूट असतात, पाण्याखाली जाणारा रोबोट असतो, रेणूंचं वजन मोजणारा नवीन मास स्पेक्ट्रोमीटर असतो, परिषदेचा विमानप्रवास असतो. फ्रीझर हा शब्द मला अजून एकदाही सापडलेला नाही, फ्रीझर सांभाळणाऱ्या माणसाचा पगार तर लांबच राहिला. मागणी काय आहे ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल: नवीन मोहिमेला पैसे द्यायच्या आधी मागच्या मोहिमेतल्या पिशव्यांचं काय झालं ते विचारा, आणि त्या पिशव्या सांभाळायला पैसे द्या.

आता इतकं चिडून का लिहितेय ते.

पूर्वी मी एका संस्थेत होते, नाव सांगत नाही, सांगून काही उपयोगही नाही कारण असं सगळीकडेच होतं. सलग तीन दिवस सुट्टी आली आणि एका फ्रीझरचा कॉम्प्रेसर बसला. अलार्म होता, चालूही होता, आणि त्यानं इमानदारीत फोनही लावला, फक्त तो नंबर होता एका पीएचडीच्या मुलीचा जी डिग्री घेऊन दोन वर्षांपूर्वी गेली होती, आणि नंबर बदलायचं काम नक्की कुणाचं हे कुणालाच माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी मी खोली उघडली तर जमिनीवर तपकिरी पाणी. वितळलेल्या स्पंजाचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना वेगळं सांगायला नको, आयोडीन, सडका लसूण आणि आठवडाभर बुटात राहिलेला ओला मोजा असं सगळं एकत्र. पिशव्या एकमेकींना चिकटलेल्या, काहींची लेबलं सुटून खाली तरंगत होती, म्हणजे लेबलं आहेत आणि पिशव्या आहेत पण कुठलं लेबल कुठल्या पिशवीचं ते आता देवालाच माहीत.

त्यात एक पिवळसर ट्युनिकेट होता. खडकाला चिकटून राहणारी पाण्याची पिशवी म्हणा, दिसायला काहीच नाही. बर्फाला भोक पाडून त्यातून डायव्हर खाली उतरला तेव्हा मिळालेला, एकच पिशवी, बहुतेक दोन मुठी भरतील इतका. त्याच्या अर्कानं एका हट्टी बुरशीला चांगलं आवरलं होतं, पण अर्क संपत आला होता आणि उरलेल्या तुकड्यातून पुन्हा अर्क काढून पुढचं काम करायला पैसे नव्हते, म्हणून चार वर्षं ते घोंगडं भिजत पडलं होतं. त्या दिवशी पिशवी उचलली तर आत गढूळ पाणी आणि एक कातडं. वरून मला सांगण्यात आलं, ‘काळजी करू नका, अर्क आहेत ना आपल्याकडे प्लेटमध्ये.’

प्लेट म्हणजे बारीक बारीक खळग्यांची चपटी ताटली, तिच्यातल्या अर्काबद्दलही सांगतेच. आमचे बरेचसे अर्क डीएमएसओ नावाच्या द्रवात विरघळवून ठेवलेले असतात. हा द्रव साडेअठरा अंशांलाच गोठतो, आणि हवेतलं पाणी असं ओढून घेतो की विचारू नका. प्लेट बाहेर काढली, वितळवली, एक थेंब घेतला, परत आत ठेवली, असं दहा वेळा झालं की आतला रेणू कधी तळाशी पांढरा साका होऊन बसतो तर कधी मोडूनच जातो. मग कुणीतरी टेस्ट लावतं, काहीच दिसत नाही, आणि रिपोर्टमध्ये लिहिलं जातं ‘क्रियाशीलता आढळली नाही’. त्या जीवात नव्हती की आमच्या प्लेटमध्ये नव्हती, हे त्या वाक्यातून कळत नाही. तुम्ही मात्र ते वाक्य वाचून ठरवता की थंड समुद्रात काही दम नाही.

हे ‘दम नाही’ प्रकरण जुनं आहे. १९७४ साली स्पंज आणि समुद्री काकड्यांच्या विषारीपणावर एक पेपर आला होता, त्यातून असं चित्र उभं राहिलं की विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जावं तसं विष कमी होत जातं. कारणही पटण्यासारखं होतं, उबदार पाण्यात चावणारे मासे जास्त, म्हणून तिथल्या जीवांना रासायनिक बचाव जास्त लागतो, आणि ध्रुवाकडे मासेच कमी तर विष बनवायची मेहनत कोण घेणार. मग १९८०च्या दशकात अंटार्क्टिकाच्या मॅकमर्डो साउंडमधले स्पंज तपासले गेले तेव्हा त्यातले बरेच विषारी निघाले. चावणारे मासे कमी असले म्हणून काय झालं, तिथे स्पंज खाणारे तारामासे आहेत, ते सावकाश येतात, अंगावर बसतात आणि पोट बाहेर काढून जागेवरच खातात. ज्याला पळता येत नाही त्याच्याकडे केमिस्ट्रीशिवाय दुसरं असणार काय? पण पहिलं चित्र लोकांच्या डोक्यात असं पक्कं बसलंय की अजूनही मला प्रश्न येतो, ‘एवढ्या थंडीत काय असणार?’

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट अगदी छोट्या जीवाची आहे. अंटार्क्टिकाच्या पाण्यात हायपेरिएला नावाचा एक इवलासा ॲम्फिपॉड असतो, लांबचा कोळंबीचाच नातेवाईक, आणि माशांचा आवडता घास. हा पठ्ठ्या काय करतो, तर क्लिओनी नावाची एक पोहणारी गोगलगाय पकडतो आणि पाठीवर बांधल्यासारखी घेऊन फिरतो. खात नाही, नुसती वागवतो. गोगलगायीला घेऊन फिरताना त्याचा वेग कमी होतो, तरी सोडत नाही. कारण तिच्या अंगात टेरोएनोन नावाचं संयुग असतं आणि ते तोंडात आलं की मासा दोघांनाही थुंकून टाकतो. १९९० साली हे छापून आलं, पुढे १९९५च्या सुमाराला ते संयुगही कळलं. एका इंचाहून लहान प्राण्याला समजतं की थंड पाण्यातलं रसायन जवळ बाळगण्यासारखं असतं, त्यासाठी तो स्वतःचा वेगही घालवतो, आणि आपण कम्प्रेसर बदलत नाही.

बरं, थंड पाण्यातलं औषध ही काही फक्त उद्याची बात नाहीये. हृदयाची बायपास झाली की रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपरिनचा असर काढून टाकायला जे प्रोटॅमिन देतात ते सॅल्मन माशाच्या शुक्रपेशींतून येतं. मीशर नावाच्या स्विस डॉक्टरनं ते १८७०च्या दशकात ऱ्हाईन नदीत चढून आलेल्या सॅल्मनमध्ये शोधलं, तेव्हा हेपरिन कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. हाडांच्या आजारात वापरलेलं कॅल्सिटोनिन हे हार्मोन सॅल्मनच्याच रचनेवरून बनवतात, कारण माशाचं कॅल्सिटोनिन माणसाच्या स्वतःच्यापेक्षा जास्त जोरकस आहे आणि जास्त टिकतं, हे मला अजूनही गमतीशीर वाटतं. आणि तुमच्यातल्या ज्यांनी जेनेटिक्सच्या लॅबमध्ये काम केलंय त्यांनी कोळंबीचं अल्कलाइन फॉस्फटेज नक्की वापरलं असेल. उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातली कोळंबी, ती कारखान्यात वितळवताना जे पाणी गटारात जायचं त्या पाण्यातून हे एन्झाइम आधी काढलं गेलं. थंडीत काम करायला बनलेलं असल्यामुळे ते जरा गरम केलं की मोडतं, आणि लॅबमध्ये नेमकं तेच हवं असतं, काम झालं की गरम करून बंद करता येतं. म्हणजे सांडपाण्यात होतं. कुणीतरी ते सांडून न देता बाटलीत धरलं, नाव-गाव लिहिलं आणि ठेवलं म्हणून ते आज आहे.

सांडण्यावरून शिमोमुरा या जपानी शास्त्रज्ञांची गोष्ट आठवते, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९६१चा उन्हाळा, अमेरिकेच्या वायव्य टोकाला फ्रायडे हार्बरच्या गार पाण्यात जेलीफिश पकडून ओसामु शिमोमुरा त्यांचा उजेड बाटलीत धरायला बघत होते आणि काही केल्या जमत नव्हतं. एक दिवस उरलेलं मिश्रण त्यांनी सिंकमध्ये ओतलं आणि सिंक निळं लखलखलं, कारण मत्स्यालयाचं समुद्राचं पाणी त्याच सिंकमध्ये येत होतं आणि त्यातल्या कॅल्शियमनं तो उजेड पेटला. त्याच जेलीफिशमधून हिरवं चमकणारं प्रोटीन, जीएफपी, मिळालं, आज जगभर पेशींच्या आत औषध काय करतंय हे बघायला ते वापरतात, आणि २००८चं नोबेल त्यावर आहे. पण लक्षात घ्या, त्यासाठी त्यांनी पुढच्या अनेक वर्षांत मिळून साडेआठ लाखांच्या आसपास जेलीफिश गोळा केले. आमच्याही लॅबमध्ये बरंच काही सिंकमध्ये जातं, त्याचं नोबेल अजून आलेलं नाही.

आता मूळ मुद्दा, नमुना आल्यावर होतं काय. तुमच्या फॉर्ममध्ये ‘संकलन’ आणि ‘निष्कर्ष’ असे दोन रकाने असतात, त्यांच्या मधे माझं अख्खं आयुष्य गेलंय. गोठलेला तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये कुटायचा, मिथेनॉलमध्ये भिजवायचा, जो चिकट चॉकलेटी गाळ मिळतो त्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग पेशींवर, बॅक्टेरियावर, बुरशीवर लावायचा. एखाद्या भागानं काही मारलं की सगळ्यांना आनंद, आणि मग मास स्पेक्ट्रोमीटरवर कळतं की हे तर आधीच माहीत असलेलं संयुग. समुद्री जीवांतून आजवर ३० हजारांहून जास्त संयुगं नोंदली गेली आहेत, त्यामुळे नव्या वाटणाऱ्या दहातली बरीचशी जुनीच निघतात, तो आमचा रोजचाच अनुभव. आणि चुकून खरंच नवीन निघालं तर पहिला प्रश्न येतो, अजून आहे का?

बेअर आयलंड नावाचं एक उजाड बेट आहे, नॉर्वे आणि उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांच्या मधे. तिथल्या पाण्यातून थुइआरिया ब्राइटफुसी नावाचा हायड्रॉइड आणला होता, पिसासारखा दिसणारा जीव, ओंजळीत मावेल एवढा. त्यातून ब्राइटफुसिन नावाची संयुगं मिळाली, पण इतकी थोडी, आणि रेणूत हायड्रोजन इतके कमी, की एनएमआरनं, म्हणजे रेणूची रचना शोधायच्या नेहमीच्या पद्धतीनं, त्याचं चित्र पूर्ण होईना. शेवटी झुरिकमधल्या आयबीएमच्या लोकांनी ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपच्या सुईनं एकेक रेणू चाचपून बघितला, त्याला कॉम्प्युटरची गणितं जोडली आणि २०१२ साली रचना जाहीर झाली. नंतर रसायनशास्त्रज्ञांनी ते बनवलं आणि त्याच्या नात्यातल्या रेणूंवर कॅन्सरच्या अंगानं काम झालं. तुमच्यातला कुणी विचारेल, मग यात फ्रीझरचा संबंध काय? तोच तर. सुई लावायला ओंजळभरातला का होईना, पण न सडलेला आणि बरोबर लेबल असलेला नमुना मुळात शिल्लक असावा लागतो.

पामेरोलाइडचं बघा. अंटार्क्टिकात अँव्हर्स बेटावर पामर स्टेशन हे संशोधन केंद्र आहे, तिथल्या खडकांवरच्या सिनॉयकम ॲडेरिॲनम या ट्युनिकेटमधून २००६ साली पामेरोलाइड ए जाहीर झालं. मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या पेशींवर ते फार थोड्या प्रमाणात काम करत होतं, बाकी पेशींना तेवढं छळत नव्हतं, त्यामुळे सगळे खूष. पुढे लॅबमध्ये ते बनवताना कळलं की जाहीर केलेल्या रचनेत काही ठिकाणं चुकली आहेत, मूळ नैसर्गिक रेणूशी ताडून बघितलं तेव्हा ती सुधारली. बरं, ते बनवणार कोण, ट्युनिकेट की त्याच्या अंगात राहणारा कुणी? याचं उत्तर २०२१ला आलं, त्याच्या आत राहणाऱ्या एका बॅक्टेरियाच्या जीनोममध्ये पामेरोलाइड बनवणारे जीन सापडले. तो बॅक्टेरिया अजून कुणाला वेगळा काढून वाढवता आलेला नाही, जे कळलं ते प्राण्याच्या पेशींतून काढलेल्या डीएनएवरून कळलं. पहिल्या बातमीपासून या उत्तरापर्यंत पंधरा वर्षं. तुमची ग्रँट असते तीन वर्षांची. मधली बारा वर्षं तो प्राणी कुठे राहणार?

आणि हा बॅक्टेरियाचा प्रश्न काही शौक म्हणून विचारत नाहीत, त्यावर सगळा पुरवठा अवलंबून आहे. उबदार पाण्यातलं उदाहरण घेते कारण ते शेवटपर्यंत गेलं. कॅरिबियनमधल्या ट्युनिकेटमधून ट्रॅबेक्टेडिन हे कॅन्सरवरचं औषध मिळालं, पण एका ग्रॅमला साधारण टनभर प्राणी लागायचे, म्हणजे औषध बनवायचं तर समुद्रच खरवडावा लागला असता. मग एका वेगळ्याच बॅक्टेरियाला टाकीत वाढवून त्याच्या जवळपासच्या रेणूपासून ते बनवता यायला लागलं, म्हणून युरोपात २००७ला आणि अमेरिकेत २०१५ला ते मंजूर होऊ शकलं. ब्रायोस्टॅटिन हे असंच समुद्री जीवातून आलेलं दुसरं संयुग, त्याचा जीव गोळा झाला १९६८ला, रचना जाहीर झाली १९८२ला, चौदा वर्षांनी, आणि नंतर क्लिनिकल चाचण्यांपुरतं मिळवायला दहा टनांहून जास्त जीव लागले तेव्हा कुठे १८ ग्रॅम हातात आले.

थंड पाण्यातलं हवं असेल तर कॅन्सरच्या पेशींना मारणारं हॅलिकॉन्ड्रिन घ्या. ते आधी १९८६च्या सुमाराला जपानच्या किनाऱ्यावरच्या एका काळ्या स्पंजातून मिळालं होतं, पण प्रमाण अगदीच कमी. नंतर न्यूझीलंडच्या कायकोरा किनाऱ्यापाशी, शंभरेक मीटर खोल गार पाण्यात, लिसोडेंडोरिक्स नावाच्या पिवळ्या स्पंजात ते सापडलं. चाचण्यांपुरतं मिळवायला एक टन स्पंज वर काढला आणि हातात आलं सुमारे ३०० मिलीग्रॅम. चिमूटभर. आणि हे करताना आधी मोजायला लागलं की त्या तळावर एकूण स्पंज आहे तरी किती. शेवटी हार्वर्डमध्ये योशितो किशींच्या ग्रुपनं १९९२ला अख्खा रेणू बनवला, मग लक्षात आलं की कामाचा अर्धाच भाग आहे, त्या अर्ध्यावरून एरिब्युलिन तयार झालं आणि २०१०मध्ये ब्रेस्ट कॅन्सरसाठी मंजूर झालं. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त काय आवडतं तर जपानचा स्पंज आणि न्यूझीलंडचा स्पंज हे वेगळे आहेत हे कुणीतरी नीट ओळखलं. नाव बरोबर होतं म्हणून परत त्याच जागी जाता आलं. स्पंज ओळखणं म्हणजे त्याच्या आतल्या काचेच्या बारीक काट्या मायक्रोस्कोपखाली मोजत बसणं, आणि ते येणारी माणसं भराभर रिटायर होतायत, त्यांच्या जागा भरल्या जात नाहीत. नावंही बदलतात. अंटार्क्टिकातला जो डेंड्रिला स्पंज आहे, ज्याच्यातून २०१६ला डार्विनोलाइड मिळालं, जे औषधांना न जुमानणाऱ्या एमआरएसए बॅक्टेरियाच्या चिकट थरातही घुसून त्यांना मारतं, त्याला पूर्वी मेम्ब्रानोसा म्हणायचे आणि आता अंटार्क्टिका म्हणतात. ज्यांनी फक्त नाव लिहून प्राण्याचा तुकडा फेकून दिला ते आता काय ताडून बघणार? माझ्याकडे एका पिशवीवर ‘लाल स्पंज, मोठ्या दगडाच्या मागे’ एवढंच लिहिलेलं आहे. कुठला दगड, बाबा?

तुम्ही म्हणाल, हरवलं तर परत जाऊन आणा. थंड समुद्रात असं ‘परत जाऊन’ होत नाही. बर्फ कधी फुटतो, कधी फुटत नाही, काम करता येईल असे महिने मोजके, हवामान बिघडलं की बोट दोन आठवडे उभी. शिवाय तिथलं सगळं अतिशय हळू वाढतं. पाणी उणे १.९ अंशांपर्यंत जातं, तिथे आपण एक स्पंज कापला तर त्या जागी तेवढाच दुसरा आपल्या हयातीत येईल याची खात्री नाही. म्हणून फ्रीझरमधली पिशवी वितळू देणं म्हणजे तो स्पंज फुकट मारणं, असं मी तरी समजते. आणि गंमत म्हणजे उत्तर अटलांटिकमध्ये मासे पकडणाऱ्या बोटींच्या जाळ्यात जिओडिया नावाचे मोठमोठे स्पंज नको असताना येतात, फेरो बेटांवरचे मच्छीमार अशा तळाला चीजचा तळ म्हणतात. त्या जिओडियातून बॅरेटिन मिळालंय, जे जहाजाच्या बुडाला चिकटणाऱ्या बार्नॅकलच्या पिल्लांना बसूच देत नाही आणि ज्याच्यावर दाह कमी करण्याच्या अंगानंही काम झालंय. बोटीवर आलेला स्पंज परत पाण्यात फेकण्याऐवजी त्यातला एक तुकडा बर्फात टाकून, जागा आणि खोली लिहून कुणी आणून दिला तर त्याला वेगळी मोहीम लागत नाही. पण आणून दिला तर ठेवणार कुठे, परत तेच.

एक नवीन आक्षेप हल्ली ऐकू येतो की आता जीनोमचा डेटा आहे, एआय आहे, प्राण्याची गरजच काय. डेटा हवाच आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण तो डेटा आला कुठून? कुणाच्या तरी फ्रीझरमधूनच ना. आणि आज ज्या पद्धतीनं डीएनए वाचलाय त्याहून चांगली पद्धत पाच वर्षांनी आली तर परत प्राण्याकडेच यावं लागणार. दुसरा आक्षेप थोडा खरा आहे, तोही मान्य करते: आमच्या फ्रीझरमध्ये कचरा पुष्कळ आहे. एकाच किनाऱ्यावरच्या एकाच समुद्री शेवाळाच्या साठ पिशव्या, कुणाच्या तरी अर्धवट थीसिसच्या नळ्या, एकदा तर एक डबाभर नुसता बर्फ निघाला, लेबलसकट. हे साफ करायलाही माणूसच लागतो, आणि काय ठेवायचं काय टाकायचं हे ठरवायला जाणता माणूस लागतो.

आता कायद्याचं. २०२३च्या जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांत जो करार झाला, कुठल्याही देशाच्या हद्दीत नसलेल्या समुद्रातल्या जीवांबद्दलचा, त्याला लागणारी ६० देशांची मान्यता २०२५च्या सप्टेंबरात पूर्ण झाली. त्यात अशा समुद्रातून आणलेल्या जनुकीय नमुन्यांना एक ठरावीक ओळखक्रमांक मिळणार आहे, नमुने ठेवणाऱ्यांनी असे नमुने वेगळे ओळखता येतील अशी सोय करायची आहे, आणि नमुने किती घेतले-वापरले गेले याचा दर दोन वर्षांनी एकत्रित अहवाल द्यायचा आहे. करार वाचून मला बरं वाटलं, कारण फायदा झाला तर तो वाटून घ्यायचा असेल तर आधी ती पिशवी कुठली हे तर माहीत पाहिजे. पण तुमच्यापैकी किती जणांनी हे काम कोण करणार याचा विचार केलाय? वहीतली पेन्सिलची नोंद, तीन वेगवेगळ्या एक्सेल फाइल आणि माझी स्मरणशक्ती, सध्या सिस्टिम म्हणजे एवढीच आहे. अंटार्क्टिकाचा करार १९५९चा, त्यात वैज्ञानिक निरीक्षणं सगळ्यांना खुली ठेवायची असं आहे, छानच आहे, पण न लिहिलेली गोष्ट खुली कशी ठेवणार.

तर आता पैशाचं बोलते. मी काही नवीन इमारत मागत नाहीये. मोहिमेच्या प्रत्येक मंजुरीत नमुने ठेवण्याचा खर्च धरा, आणि तो मोहीम संपल्यावर निदान दहा वर्षांचा धरा, तीनचा नको, पामेरोलाइडला पंधरा लागली. एक राखीव फ्रीझर, तो रिकामा आणि थंड, कारण चालू फ्रीझर मेला की हलवायला जागा लागते, रिकामा फ्रीझर बघून हिशोबनीस ओरडतात ते तुम्ही बघून घ्या. एकाच प्राण्याचे तुकडे दोन वेगवेगळ्या शहरांत ठेवायची सक्ती करा. स्पंज-ट्युनिकेट ओळखणाऱ्या माणसाला पेपरच्या शेवटी आभारात नका टाकू, त्याला पगार द्या. आणि अर्ज करणाऱ्याला एवढं विचारा, मागच्या वेळी आणलेल्या पिशव्यांपैकी किती उघडल्या? मला माहितेय उत्तर काय येईल, तुम्हालाही ऐकून झोप येणार नाही. निम्म्याहून जास्त पिशव्या न उघडता नवीन मोहीम मागणारे माझ्या ओळखीचेच चार जण आहेत, आणि चारही चांगले शास्त्रज्ञ आहेत, त्यांचा दोष नाही, पैसे जिथे मिळतात तिथेच ते जाणार.

बोटीवर जायचं बंद करा असं मी म्हणत नाहीये. पहिल्यांदा बर्फाखालचा व्हिडिओ बघितला तेव्हा मीही तोंड उघडं टाकून बघत बसले होते, टॉर्चच्या उजेडात पिवळे, नारिंगी, पांढरे स्पंज माणसाच्या कमरेएवढे. त्यातला एक नंतर माझ्या टेबलावर आला, पिशवीत, करड्या रंगाचा, मुठीएवढा. त्याच्यावर मी स्वतः दोन लेबलं लावली, एक आत एक बाहेर, पेन्सिलनं, कारण पेन्सिल मिथेनॉलनं पुसली जात नाही. तो अजून उघडलेला नाही.

कळावे,
आपली,
नमुने सांभाळणारी एक

ता. क.: आमच्या इथल्या फ्रीझरच्या अलार्ममध्ये मी माझा नंबर घालून घेतलाय. पुढच्या वर्षी मी रिटायर होतेय, आणि माझ्या जागेची जाहिरात अजून निघालेली नाही.